चळवळीचे बळ आणि मतांची बेरीज

मोर्चात चालणारा माणूस आणि मतदानाच्या रांगेत उभा राहणारा माणूस एकच असतो; पण दोन्ही ठिकाणी त्याच्याकडून जे मागितले जाते ते एक नसते. चळवळ त्याच्याकडे एका प्रश्नाचे उत्तर मागते आणि त्या उत्तराची किंमतही मागते: बुडालेली मजुरी, पोलिसांची लाठी, कधी तुरुंग, कधी प्राण. निवडणूक एवढी किंमत मागत नाही. पण सगळ्या प्रश्नांचे मिळून एकच उत्तर मागते. पाणी, रस्ता, जात, भाषा, उमेदवाराचा स्वभाव, भावकीचा आग्रह, मुलाची नोकरी हे सारे एका मतात बसवावे लागते. तळातून उठलेल्या चळवळीमुळे एखाद्या पक्षाची निवडणुकीतली बाजू किती बळकट होते, हे राज्यशास्त्राचे अभ्यासक आकड्यांवरून ठरवू पाहतात. त्या आकड्यांच्या मुळाशी एक तात्त्विक प्रश्न आहे. त्यागातून उभे राहिलेले नैतिक बळ मतांत उतरू शकते काय, आणि उतरत असेल तर ते तसे उतरवावे काय?

भारतात हा वाद स्वातंत्र्याच्या आधीपासून चालत आला आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेले लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ फळाची आसक्ती सोडून केलेल्या कर्माचा आणि लोकसंग्रहाचा पुरस्कार करते. त्याच टिळकांनी एप्रिल १९२० मध्ये कायदेमंडळाच्या निवडणुका लढवण्यासाठी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्ष काढला. वरवर पाहता यात विसंगती दिसते, कारण निवडणूक हे फळावर डोळा ठेवूनच करायचे कर्म आहे. हरण्यासाठी कोणी उमेदवारी अर्ज भरत नाही. पण टिळकांच्या विचारात अनासक्ती म्हणजे परिणामाविषयीची बेफिकिरी नव्हे. कर्म तडीस जावे यासाठी लागेल ती योजना कर्त्याने करावी. फळ हाती आले नाही म्हणून कर्म टाकू नये, एवढाच तिचा अर्थ. चळवळीने निवडणुकीत उतरावे की नाही या प्रश्नाला इतके व्यवहारी आणि तरीही तत्त्वाला धरून असलेले उत्तर त्यानंतर क्वचितच मिळाले.

टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले आणि त्या वर्षीच्या निवडणुकांवर गांधींच्या असहकाराने बहिष्कार घातला. दोनच वर्षांत, डिसेंबर १९२२ च्या गया अधिवेशनात, कायदेमंडळात जावे की न जावे यावरून काँग्रेसमध्ये उभी फूट पडली आणि चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष काढला. कायदेमंडळात शिरून सरकारची अडवणूक करणे हीही चळवळच, असे एका बाजूचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूला भीती होती ती खुर्चीची. माणूस आत शिरतो तो अडवायला, आणि हळूहळू आतल्या रीतीभातींचाच होऊन जातो, ही ती भीती.

गांधींनी या भीतीला शेवटचे आणि सर्वांत धीट रूप दिले. २९ जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या आदल्या दिवशी, त्यांनी काँग्रेससाठी एका नव्या घटनेचा मसुदा तयार केला. राजकीय स्वातंत्र्य मिळवण्याचे काँग्रेसचे काम झाले आहे. खेड्यांचे सामाजिक, नैतिक आणि आर्थिक स्वातंत्र्य अजून मिळवायचे आहे. म्हणून काँग्रेसने निवडणुका लढवणारी संस्था म्हणून स्वतःला विसर्जित करून लोकसेवक संघात रूपांतरित व्हावे, असा त्याचा आशय होता. या मसुद्यातील एका बारीक तपशिलाकडे सहसा लक्ष जात नाही. लोकसेवकाच्या कर्तव्यांत गांधींनी असेही घातले होते की ज्यांची नावे मतदार यादीतून राहून गेली असतील ती त्याने यादीत नोंदवून घ्यावीत. सत्तेच्या स्पर्धेतून बाहेर पडायला सांगणारा माणूस मतदार यादीवर मात्र नजर ठेवायला सांगतो. गांधींचा विरोध मताला नव्हता. चळवळीने स्वतःसाठी मत मागण्याला होता.

विनोबांनी हाच धागा पुढे नेला. एप्रिल १९५१ मध्ये पोचमपल्लीत भूदानाची सुरुवात झाल्यावर त्यांनी राजनीतीच्या जागी लोकनीती ठेवली आणि बहुमताच्या निर्णयाऐवजी सर्वसंमतीचा आग्रह धरला. एक्कावन्न जणांनी एकोणपन्नास जणांवर केलेला निर्णय गावाला दोन तट देऊन जातो, हे त्यांचे निरीक्षण ग्रामपंचायतीची निवडणूक पाहिलेल्या कोणालाही पटावे असे आहे. पण सर्वसंमतीच्या कल्पनेत एक उणीव राहते. गावात ज्याचा आवाज दबलेला आहे त्याची संमती गृहीत धरली जाते. गुप्त मतदानाने त्याला पहिल्यांदाच कोणाच्या तोंडाकडे न पाहता नाही म्हणायची सोय दिली. विनोबांच्या लोकनीतीत या नकाराची जागा अस्पष्ट आहे, आणि दलित चळवळीला ती कधी पुरेशी वाटली नाही याचे कारण इथेच सापडते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा अनुभव या प्रश्नावर सर्वांत जास्त प्रकाश टाकतो. १९२७ चा महाडचा आणि १९३० चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्यांच्या नेतृत्वाखाली झाला. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत त्याला लक्षणीय यश मिळाले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना मात्र त्यांनी सांगितले की सनदशीर मार्ग खुले नव्हते तोवर सत्याग्रह आणि कायदेभंग समर्थनीय होते. ते खुले झाल्यावर हे मार्ग सोडून दिले पाहिजेत. या भूमिकेनुसार मतपेटी हेच चळवळीचे पुढचे रूप ठरते. त्यानंतर काय झाले? १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आंबेडकर मुंबईतून पराभूत झाले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पराभूत झाले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, भंडाऱ्याच्या शेजारच्याच नागपुरात, लाखो लोकांनी त्यांच्याबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

दोन वर्षांच्या अंतराने, एकाच प्रदेशात, एकाच माणसाला मिळालेले हे दोन कौल शेजारी ठेवून पाहिले म्हणजे चळवळ आणि निवडणूक काय मोजतात यातला फरक उघड होतो. दीक्षाभूमीवर आलेल्या माणसाने आपले सगळे जगणे बदलले: देव, सण, लग्नाचा विधी, गावकीची कामे. त्या निर्णयाची खोली मोजण्याचे साधन मतपेटीत नाही. मतपेटी एवढेच विचारते की या मतदारसंघात असे लोक किती आहेत. ज्यांची संख्या प्रत्येक मतदारसंघात थोडी आहे, त्यांचा निर्धार कितीही मोठा असला तरी सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो या पद्धतीत तो एकट्याच्या बळावर जागा जिंकत नाही. निर्धाराला खोली असते, मताला फक्त संख्या. लोकशाहीने प्रत्येकाचे मत समान मानले, तेव्हा कोणाच्या मतामागे किती जळजळ आहे हे न पाहण्याचाही निर्णय तिने घेतला. हा निर्णय योग्यच आहे, कारण जळजळीचे माप कोणाच्या हाती द्यायचे हा प्रश्न सुटणारा नाही. पण त्याची किंमत चळवळींना द्यावी लागते.

चळवळीचे बळ मतांत उतरल्याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १९५७ ची निवडणूक. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनापासून धरलेली संयुक्त महाराष्ट्राची मागणी राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये नाकारली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाल्यावर शहर पुन्हा पेटले आणि पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. शंभराहून अधिक माणसे या लढ्यात गेली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, आंबेडकरांचे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन यांच्याबरोबर जनसंघ आणि हिंदू महासभाही तिच्यात होत्या. एरवी एका व्यासपीठावर न बसणारी ही मंडळी एका मागणीसाठी एकत्र आली. एस. एम. जोशी यांच्यासारख्या समाजवाद्याने त्यांची मोट बांधली. आचार्य अत्र्यांची लेखणी, अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांचा आवाज गावोगाव पोहोचला.

निकाल असा लागला की पश्चिम महाराष्ट्र आणि मुंबईतील १३३ पैकी १०१ जागा समितीने जिंकल्या. साताऱ्यातून कम्युनिस्ट असलेले क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेत गेले आणि नाशिकमधून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड. आंबेडकरांना जे १९५२ आणि १९५४ मध्ये साधले नाही, ते त्यांच्या पश्चात त्यांच्या सहकाऱ्याला साधले. त्यामागे मतदारांच्या मनातल्या बदलापेक्षा मतांची बेरीज होती. चळवळीने विरोधी पक्षांची मतविभागणी थांबवली, सरळ लढत घडवली, आणि दलित उमेदवाराला सवर्ण वस्तीतून मते मिळतील अशी परिस्थिती निर्माण केली. चळवळीचा निवडणुकीवरचा परिणाम बहुतेक वेळा असाच आडवाटेने होतो. ती नवे मतदार फारसे तयार करत नाही. असलेल्या मतदारांमधल्या भिंती काही काळ खाली आणते.

पण द्वैभाषिक मुंबई राज्याच्या ३९६ जागांपैकी २३४ काँग्रेसकडेच राहिल्या. गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा या भागांनी तिला तारले. चळवळीचा जोर जिथे होता तिथे काँग्रेस आडवी झाली. जिथे नव्हता तिथे काही बिघडले नाही. यशवंतराव चव्हाण पुन्हा मुख्यमंत्री झाले. तरीही १९५७ चा निकाल आणि त्या वर्षी नोव्हेंबरात प्रतापगडावर पंडित नेहरूंसमोर झालेली निदर्शने यांवरून दिल्लीला जे समजायचे ते समजले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. निवडणूक हरूनही समितीने मागणी जिंकली होती.

त्यानंतरची घटना विचार करायला लावणारी आहे. १९६२ च्या निवडणुकीत विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या. ज्या पक्षाविरुद्ध लढा झाला त्याच पक्षाच्या पदरात लढ्याचे फळ पडले. समितीतल्या पक्षांना जोडणारी मागणीच पुरी झाल्याने ते आपापल्या वाटेने गेले आणि चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणाने त्यांच्यातले अनेक कार्यकर्ते काँग्रेसमध्ये आणले. याला मतदारांची कृतघ्नता म्हणण्याची प्रथा आहे, ती चुकीची आहे. मतदारांनी १९५७ मध्ये एका प्रश्नाला उत्तर दिले होते. १९६२ मध्ये तो प्रश्न उरला नव्हता. आता प्रश्न होता तो धरणाचा, सहकारी कारखान्याचा, जिल्हा परिषदेचा, आणि त्यांवर समितीकडे एकमुखी उत्तर नव्हते. चळवळीची मागणी मान्य होणे हे तिच्या पक्षाच्या दृष्टीने अनेकदा संकटच असते. जो पक्ष हे संकट टाळण्यासाठी प्रश्न जिवंत ठेवू पाहतो, तो चळवळीशी द्रोह करतो. समितीने तसे केले नाही, आणि तिच्या १९६२ च्या पराभवाकडे त्या मानाने पाहिले पाहिजे.

गोव्यातील उदाहरण याहून सूक्ष्म आहे. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने सत्ता मिळवली. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण हे त्याचे ध्येय होते. कुळे, बहुजन समाज, देवळाच्या आणि भाटकाराच्या (जमीनदाराच्या) सावलीत पिढ्या काढलेली माणसे त्याच्यामागे होती. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोअन्स पक्षाने वेगळ्या गोव्याचा आग्रह धरला. विधानसभेच्या बहुमताने एवढा मोठा निर्णय घ्यायचा नाही, तो थेट लोकांना विचारायचा, असे ठरले. निःपक्ष मतदान व्हावे म्हणून बांदोडकरांनी डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. वेगळ्या गोव्याच्या बाजूने गावोगाव सभा झाल्या, गाणी रचली गेली, आणि मडगावच्या ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकाने विलीनीकरणाविरुद्ध मोहीम चालवली. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मते विलीनीकरणाविरुद्ध आणि १,३८,१७० मते बाजूने पडली.

अवघ्या दोन महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. तीसपैकी सोळा जागा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने जिंकल्या आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्या पक्षाची मूळ मागणी लोकांनी फेटाळली होती, त्याच पक्षाच्या हाती लोकांनी राज्य दिले. या दोन कौलांत विरोध नाही. जनमत कौलाने विचारले होते की गोवा काय असावा. निवडणुकीने विचारले की गोव्याचा कारभार कोणी करावा. कसेल त्याची जमीन, गावात शाळा, बहुजनांचा मुख्यमंत्री यांसाठी बांदोडकरांना मत देणारा माणूस गोव्याचे वेगळेपणही राखू इच्छित होता, आणि दोन्ही गोष्टी सांगण्याची संधी त्याला वेगवेगळी मिळाली म्हणून त्या दोन्ही कळल्या. फक्त निवडणूक झाली असती तर विजयी पक्षाने विलीनीकरणाला कौल मिळाल्याचा दावा केला असता, आणि तो खोडून काढायला कोणाकडे पुरावा नसता. निवडणुकीच्या निकालावरून एखाद्या चळवळीच्या मागणीला लोकांनी मानले की नाकारले, असा निष्कर्ष काढणारे लेखन दर निकालानंतर येते. गोव्याचा अनुभव त्या निष्कर्षांविषयी सावध करतो.

रूसोने १७६२ मध्ये म्हटले होते की इंग्रज लोक संसदेचे सभासद निवडतात तेवढ्याच काळापुरते स्वतंत्र असतात. निवड झाली की पुन्हा गुलाम. त्याचे मत टोकाचे आहे. पण दोन निवडणुकांच्या मधल्या काळात लोकांनी काय करायचे या प्रश्नाचे उत्तर प्रातिनिधिक लोकशाहीकडे स्वतःपाशी नाही हे त्याने बरोबर हेरले. चळवळ हे त्या रिकाम्या जागेचे उत्तर आहे. १९७४ च्या बिहार आंदोलनात जयप्रकाश नारायणांनी लोकांचा विश्वास गमावलेल्या विधानसभेने पायउतार व्हावे अशी मागणी केली तेव्हा त्यामागे हाच विचार होता. निवडणुकीत पाहून घेऊ, असे आव्हान इंदिरा गांधींनी दिले आणि जयप्रकाशांनी ते स्वीकारले. १९५४ मध्ये बोधगयेला सर्वोदयासाठी जीवनदान करून पक्षीय राजकारण सोडलेल्या माणसाच्या दृष्टीने ही मोठी उडी होती. १९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला. काँग्रेसला १५४ जागा मिळाल्या. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये तिला एकही जागा मिळाली नाही, तर आंध्र प्रदेशात ४२ पैकी ४१ मिळाल्या. इथेही १९५७ चीच रीत दिसते. चळवळ आणि आणीबाणीचा जाच जिथे लोकांच्या अंगावर आला होता तिथे लाट होती; इतरत्र नेहमीचे राजकारण चालू होते. जनता सरकार जुलै १९७९ मध्ये कोसळले. जयप्रकाशांचा संपूर्ण क्रांती हा शब्द मंत्रिमंडळाच्या कामकाजात कुठेच बसला नाही.

चळवळीला मतदारांनी दिलेली सर्वांत निष्ठुर वाटणारी वागणूक मणिपुरात दिसते. इरोम शर्मिला यांनी सशस्त्र दलांच्या विशेषाधिकार कायद्याविरुद्ध नोव्हेंबर २००० पासून ऑगस्ट २०१६ पर्यंत उपोषण केले. उपोषण सोडून २०१७ मध्ये त्या मुख्यमंत्र्यांविरुद्ध निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि त्यांना ९० मते मिळाली. या आकड्याने अनेकांना हळहळ वाटली, आणि ती रास्त होती. पण त्यातून त्यांच्या लढ्याला मणिपुरी लोकांची मान्यता नव्हती असे सिद्ध होत नाही. लोकांनी त्यांना साक्षीदार मानले होते. आमदार म्हणून पाहिले नव्हते. साक्षीदाराचे मोठेपण तो स्वतःसाठी काही मागत नाही यात असते, आणि मत मागताच लोकांना तो इतर उमेदवारांसारखा दिसू लागतो. त्यांच्या पक्षाकडे मतदान केंद्रावर बसवायला पुरेशी माणसेही नव्हती, हे कारणही तितकेच खरे. तत्त्वाच्या चर्चेत बूथवरच्या कार्यकर्त्याचा विसर पडू देऊ नये.

पंजाबात हेच वेगळ्या रीतीने घडले. सप्टेंबर २०२० च्या तीन कृषी कायद्यांविरुद्ध शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमांवर बसले आणि १९ नोव्हेंबर २०२१ रोजी कायदे मागे घेण्याची घोषणा झाली. त्या आंदोलनातील काही संघटनांनी संयुक्त समाज मोर्चा काढून २०२२ ची विधानसभा निवडणूक लढवली. एकही जागा मिळाली नाही. ११७ पैकी ९२ जागा आम आदमी पक्षाला मिळाल्या. शेतकऱ्यांच्या आंदोलनाने प्रस्थापित पक्षांविषयीचा राग पक्का केला, पण त्या रागाला सरकार चालवू शकेल असा पर्याय हवा होता, आणि तो आंदोलकांच्या मोर्चात लोकांना दिसला नाही. महाराष्ट्रात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेलाही हाच अनुभव आला होता. चाकणच्या कांदा आंदोलनापासून लाखोंच्या सभा भरवणाऱ्या संघटनेचा स्वतंत्र भारत पक्ष १९९४ मध्ये निघाला, आणि त्याला मोजक्या जागांपलीकडे जाता आले नाही. भावासाठी रस्ता अडवणारा शेतकरी मतदानाच्या दिवशी कारखान्याचा सभासद, सोसायटीचा कर्जदार आणि आपल्या जातीचा माणूस असतो.

चळवळीला प्रतिचळवळ उभी राहते हेही विसरता येत नाही. २०२३ साली आंतरवाली सराटीतून पेटलेल्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मराठवाड्यातील आठपैकी सात जागा राज्यात सत्तेवर असलेल्या महायुतीने गमावल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात, त्याच मराठवाड्यात, विधानसभेच्या बहुतांश जागा महायुतीने जिंकल्या. मधल्या काळात ओबीसी समाजाची जुळवाजुळव झाली, महिलांच्या खात्यात थेट पैसे देणारी योजना आली, आणि आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांनी उमेदवार न देण्याचा निर्णय घेतला. एका समाजाचा संघटित आवाज दुसऱ्या समाजाला संघटित करतो. न्यायाची मागणी करणाऱ्याने या प्रतिक्रियेची नैतिक जबाबदारी घ्यावी काय, हा अवघड प्रश्न आहे. मागणी न्याय्य असेल तर प्रतिक्रियेच्या भयाने ती सोडता येत नाही. पण ती मांडताना दुसऱ्याच्या मनात कोणती भीती जागी होते याचा विचार करणे चळवळीच्या कर्तव्यातच येते.

मॅक्स वेबरने १९१९ मध्ये निष्ठेची नीती आणि जबाबदारीची नीती असा भेद केला. पहिलीत माणूस आपल्या तत्त्वाशी प्रामाणिक राहतो आणि परिणाम नियतीवर सोडतो. दुसरीत तो आपल्या कृतीच्या परिणामांना बांधलेला असतो. चळवळ पहिलीवर उभी राहते, सरकार दुसरीवर. अण्णा हजारे यांच्या २०११ च्या आंदोलनातून नोव्हेंबर २०१२ मध्ये आम आदमी पक्ष निघाला तेव्हा हा भेद एकाच गटात दोन माणसांच्या रूपाने दिसला: हजारे पक्षापासून दूर राहिले, अरविंद केजरीवाल निवडणुकीत उतरले. पक्षाला दिल्लीत २०१३ मध्ये ७० पैकी २८, २०१५ मध्ये ६७ जागा मिळाल्या. २०२५ मध्ये २२ उरल्या. त्याच्या विजयांना चळवळीची पुण्याई पुरली ती पहिल्या एकदोन निवडणुकांपर्यंत. पुढचे विजय शाळा, दवाखाने आणि विजेच्या बिलावर मिळाले, आणि पराभवाची कारणेही सरकार चालवण्याच्या रीतीतच शोधावी लागतात. वेबरला या दोन नीतींचा संगम एका माणसात शक्य वाटत होता, पण तो विरळा.

कांशीराम यांनी या द्वैताला वेगळे उत्तर दिले. पुण्यात नोकरी करत असताना त्यांचा आंबेडकरी चळवळीशी संबंध आला. १९७८ मध्ये बामसेफ, १९८१ मध्ये डीएस-४ आणि १४ एप्रिल १९८४ रोजी बहुजन समाज पक्ष, अशा पायऱ्यांनी त्यांनी संघटना उभी केली. सत्ता ही सगळी कुलपे उघडणारी किल्ली आहे, म्हणून चळवळीचे प्रयोजन सत्ता मिळवणे हेच, असे त्यांचे सूत्र होते. त्यांच्या मते निवडणूक लढवणे हीच लोकांना संघटित करण्याची रीत होती. हरलेली निवडणूकही पुढच्या निवडणुकीची मतदार यादी तयार करून देते. २००७ मध्ये उत्तर प्रदेशात ४०३ पैकी २०६ जागा मिळवून या विचाराने आपली ताकद दाखवली. पण पक्षच चळवळ झाला की पक्षाला प्रश्न विचारणारी चळवळ उरत नाही. रॉबर्ट मिशेल्सने १९११ मध्ये जर्मन समाजवादी पक्षाच्या अभ्यासावरून असे दाखवले होते की समतेसाठी उभी राहिलेली संघटनाही मोठी होताच मूठभरांच्या हाती जाते. भारतीय पक्षांच्या बाबतीत हे निरीक्षण अधिकच लागू पडते.

या दोन टोकांमधली एक वाट राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने काढली. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेने सरकारी कामांवरची खोटी हजेरी आणि बिले जनसुनवाईत गावासमोर वाचायला सुरुवात केली. तिने आपल्यासाठी सत्ता मागितली नाही. सत्तेत कोणीही असो, कागद दाखवा एवढे मागितले. हजारे यांच्या २०११ च्या आधीच्या एका आंदोलनानंतर महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशभराचा कायदा आला. गांधींच्या लोकसेवकाच्या कल्पनेला स्वतंत्र भारतात मिळालेले हे कदाचित सर्वांत जवळचे रूप आहे. या कायद्याने कोणत्या पक्षाला किती मते मिळाली हे सांगता येत नाही. पण पुढे सत्तेवर आलेल्या प्रत्येक पक्षाच्या सरकारला त्याखाली उत्तरे द्यावी लागली. ३ जून २०१३ रोजी केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांनाही या कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरण ठरवले. त्या सहांत काँग्रेस आणि भाजप होते, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष होते, राष्ट्रवादी काँग्रेस होती आणि कांशीराम यांचा बहुजन समाज पक्षही होता. एकाही पक्षाने तो आदेश पाळला नाही, आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.